जुन्या गाडीचा रंग आणि हार्डनरचा डबा

भोपाळमध्ये जुनी गाडी म्हटलं की बहुतेक वेळा ती अँबॅसडर असते, आणि अँबॅसडर म्हटलं की बहुतेक वेळा पांढरी. १९५६ साली मध्य प्रदेश झाला, राजधानी इथं आली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं बाडबिस्तरा बांधून इथल्या सरकारी क्वार्टरांत राहायला आली. पुढची काही दशकं सचिवालयाच्या वल्लभ भवनासमोर उभ्या पांढऱ्या गाड्यांची रांग हा शहराचा रोजचा देखावा होता. त्यातल्या काही लिलावात निघाल्या आणि हौशी माणसांच्या अंगणात येऊन विसावल्या. दुसरी जमात पद्मिनीवाल्यांची. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. मुंबईत टॅक्सी म्हणून तिचा मुक्काम ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला आणि तेव्हापासून घरोघरच्या पद्मिनींवरची ताडपत्री जरा जास्त वेळा उचलली जाऊ लागली. उत्तरपाड्याचा अँबॅसडरचा कारखाना तर २०१४ मध्येच थांबला.

अशी गाडी घरी रंगवायला काढली की पहिली चर्चा छटेवर होते. दुधी पांढरा की मोतिया, जुना बाटली-हिरवा मिळेल का, वरचा टप वेगळ्या रंगाचा करावा का. माझं म्हणणं असं, की छटा सगळ्यात शेवटी ठरवावी. आधी ठरवायचं ते रंग कसा वाळणार हे. दुकानात मिळणारे रंग मुख्यतः तीन तऱ्हांनी वाळतात. चकाकी, टिकाऊपणा, पुढं ओरखडा पडला तर दुरुस्तीची सोय, आणि रंगवणाऱ्याच्या छातीचं काय होणार, हे सगळं त्या वाळण्यावर ठरतं.

पण त्याच्याही आधी, गाडीवर आज कोणता रंग आहे ते कळायला हवं. त्यासाठी दाराच्या आतल्या कडेसारखी झाकलेली जागा निवडायची, एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये कापसाचा बोळा भिजवायचा आणि हलक्या हातानं चोळायचं. रंग लगेच विरघळून कापसावर उतरला, तर तो लॅकर. रंग सुटत नाही, पण फुगतो, सुरकुततो, नखानं ढकलला तर सालपटासारखा सरकतो, तर इनॅमल. बराच वेळ चोळूनही कापूस कोरा राहिला, तर हार्डनरवाला टू-के रंग, ज्याला गॅरेजात पीयू म्हणतात, किंवा कारखान्यातल्या भट्टीत भाजलेला मूळ थर. लिलावातल्या गाडीवर एकाच जागी हे सगळे सापडू शकतात. १२० नंबरच्या पेपरनं एक खड्डा उतरता घासत नेला की थरांची वर्तुळं उघडी पडतात: वर पांढरा, खाली वेगळा पांढरा, मग राखाडी सरफेसर (रंगाखालचा भरणीचा थर), मग एखादा निळसर थर ज्याची घरात कोणाला आठवण नाही, त्याखाली रेड ऑक्साईड आणि मधोमध चकचकीत पत्रा. हा खड्डा काळजीपूर्वक पाहावा. नवा रंग कशावर बसणार आहे, ते तिथंच समजतं.

आता लॅकर. १९२० च्या सुमारापर्यंत मोटारींना घोडागाड्यांसारखं तेलाचं व्हार्निश लावलं जाई आणि एक गाडी पूर्ण व्हायला आठवडे लागत. फोर्डनं १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, तो काळा रंग भट्टीत भाजायचा होता. पहिल्या महायुद्धानंतर ड्युपाँ कंपनीपुढं प्रश्न होता, की दारूगोळ्यासाठी उभी केलेली नायट्रोसेल्युलोजची क्षमता वापरायची कुठं. त्यातून आलेला रंग म्हणजे ड्यूको. १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर तो निळ्या रंगात झळकला. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं आणि मोटारींना रंगीबेरंगी होण्याची मुभा मिळाली. आपल्याकडं कंपनीचं नाव पुसलं गेलं, ड्यूको राहिला. आज सुतारसुद्धा कपाटाला ड्यूको मारतो.

लॅकर वाळतं म्हणजे त्यातला थिनर उडून जातो, एवढंच. रासायनिक बदल काही होत नाही. नेलपॉलिश हे याच जातीचं लॅकर. रिमूव्हर लावला की ते जसं पुन्हा पातळ होतं, तसं गाडीवरचं लॅकरही थिनर लागताच कधीही विरघळतं. हाच त्याचा दोष आणि हाच गुण. दोष असा, की टाकीत पेट्रोल भरताना सांडलं तर तिथं डाग राहतो. गुण असा, की नवा हात जुन्यात मिसळून एकजीव होतो. दरवाजाच्या कोपऱ्यावर ओरखडा आला तर तेवढाच भाग घासून, फवारून, पॉलिश करून जोड लपवता येतो. ओघळ आला, माशी चिकटली, धूळ बसली, तरी थोड्या वेळानं १००० नंबरच्या वॉटर पेपरनं ती काढता येते. नवशिक्याला इतका क्षमाशील रंग दुसरा नाही.

मोबदल्यात तो मेहनत मागतो. फवारण्याजोगं पातळ करायला साधारण निम्म्याला निम्मा थिनर लागतो आणि मग स्प्रे गनमधून जे बाहेर पडतं, त्यात गाडीवर राहणारा घन भाग पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो. म्हणून दोन-तीन हातांवर काम भागत नाही, सात-आठ पातळ हात द्यावे लागतात. घाई करून जाड थर दिला तर आत थिनर अडकतो, रंग महिनोन्‌महिने आक्रसत राहतो आणि खालच्या घासकामाच्या रेषा वर उमटतात. गनमधून उतरलेल्या लॅकरला झळाळी नसतेच. ती १५०० आणि २००० च्या पेपरनं पाण्यात घासून, रबिंग कंपाउंड लावून, बफ मारून आणावी लागते. पण आली की ती चकाकी निराळी असते. टू-केसारखी ओल्या काचेची नव्हे, जरा मऊ आणि आतून येणारी. १९६० च्या गाडीला ती शोभते. काचेसारखी लखलखणारी जुनी पद्मिनी पाहिली की मला तरी ती लग्नाच्या वरातीसाठी भाड्यानं आणल्यासारखी वाटते.

एक धोका मात्र विसरायचा नाही. नायट्रोसेल्युलोज हा बंदुकीच्या कापसाचाच कमी नायट्रोजनवाला भाऊ आहे आणि थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि फ्रीज, इन्व्हर्टर, पाण्याचा पंप, असलं ठिणगी टाकणारं यंत्र शोधून काढते. घराला चिकटलेल्या बंद गॅरेजात कूलरचा पंखा उलटा लावून फवारणी करणारे लोक आहेत. त्या पंख्याची मोटर नेमकी वाफेच्या वाटेत असते.

इनॅमलबद्दल थोडक्यात. हा अल्किड राळेचा रंग. थिनर उडाल्यावर तो हवेतला प्राणवायू ओढून घेत हळूहळू पक्का होतो. थोडाच थिनर लागतो, दोन हातांत अंग झाकतं, गनमधूनच चकाकी येते, खर्च कमी. जीपा, ट्रॅक्टर आणि ट्रक यावर वर्षानुवर्षं चालले. अडचण वेळेची. तो काही तास चिकट राहतो, तेवढ्यात अंगणातली सगळी धूळ आणि चिलटं त्यावर बसतात आणि ती लगेच घासून काढता येत नाहीत. दुसरा हात द्यायचा तर पहिला अर्धवट ओला असताना द्या, नाहीतर पूर्ण पक्का होईपर्यंत थांबा. मधल्या दिवसांत दिलात तर वरचा थिनर खालच्या सालीत शिरतो आणि सगळं अंग सुरकुततं. इथले पेंटर त्याला ‘पेंट उठ गया’ म्हणतात, आणि उठलेला रंग पत्र्यापर्यंत काढण्याखेरीज उपाय नसतो. जुन्या इनॅमलवर थेट लॅकर मारलं तरी हाच प्रकार होतो. उलटा क्रम, म्हणजे लॅकरवर इनॅमल, बहुधा चालून जातो. पांढऱ्या इनॅमलची आणखी एक खोड: अंधारात ते पिवळट पडतं आणि उन्हात खडू धरतं. लिलावातल्या पांढऱ्या अँबॅसडरवरून हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते, ती हीच.

तिसरा टू-के. रंग एका डब्यात, हार्डनर दुसऱ्या. मापानं मिसळले की रेणू एकमेकांना साखळीनं बांधून घेतात आणि असा थर तयार होतो, की पेट्रोल, ऊन, पक्ष्यांची घाण, कशालाही तो सहज दाद देत नाही. टिकाऊपणात बाकीचे दोन त्याच्या जवळपासही येत नाहीत. म्हणूनच अपघातानंतर गाडी वर्कशॉपमध्ये दिली की हाच रंग लागतो. आधी छटेचा बेस कोट आणि वर टू-केचा क्लिअर कोट, ही पद्धत नव्या गाड्यांची. अँबॅसडर-पद्मिनीच्या साध्या, अभ्रक नसलेल्या रंगाला तिची गरज नाही.

आणि इथं भोपाळचा माणूस डब्याची मागची बाजू वाचतो. हार्डनरच्या डब्यावर बारीक अक्षरांत आयसोसायनेट हा शब्द असतो. या शहरात तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं. आत सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट होतं. पाण्याशी त्याची क्रिया होताना उष्णता आणि वायू निर्माण होतो. टाकी तापली, दाब वाढला आणि ते शहरावर सुटलं.

रंगातलं आयसोसायनेट ते नव्हे, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. मिथिल आयसोसायनेट लहान रेणूचं, ३९ अंशांना उकळणारं द्रव्य. गाडीच्या हार्डनरमध्ये हेक्सामेथिलीन डायआयसोसायनेटपासून बनवलेले मोठे, जड रेणू असतात. ते आपणहून फारसे उडत नाहीत. डबा उघडल्यानं कोणी कोसळत नाही. ब्रशनं एखादा ठिपका लावला तर धोका कमीच. धोका गनचा. गन त्याच जड द्रव्याचं बारीक धुकं करते आणि ते थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतं. तिथं ते जे करतं, ते विषापेक्षा ॲलर्जीसारखं असतं. काही जणांचं शरीर एकदा बिथरलं की पुढं अतिशय थोडा अंश पुरतो आणि दम्याचा झटका येतो. कधी काम चालू असतानाच येतो, कधी काही तासांनी, रात्री अंथरुणावर खोकल्याच्या रूपानं, त्यामुळं त्याचा रंगाशी संबंध कोणी लावतही नाही. जगभर गाड्या रंगवणाऱ्या कामगारांच्या दम्याचं हे ठळक कारण मानलं जातं.

रुमालानं हे थांबत नाही. कोळशाच्या काडतुसाचा मास्क थिनरच्या वाफेला चांगला, पण आयसोसायनेटसाठी त्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण काडतूस कधी संपलं ते सांगणारा वास त्याला नसतो. वास येण्याइतकं ते हवेत साठलं म्हणजे मर्यादा कधीच ओलांडलेली असते. खरा उपाय म्हणजे स्वच्छ हवा नळीनं पुरवणारा मास्क आणि धुकं ओढून गाळणारा बूथ. घरच्या शेडमध्ये हे दोन्ही नसतं. मोकळ्या अंगणात मारू म्हणावं, तर धुकं भिंत ओलांडतं. कारखान्याजवळच्या छोला, काझी कँप, जे. पी. नगर या बाजूला अशी घरं आहेत, जिथल्या वयस्कर माणसांची फुफ्फुसं ८४ पासून अधू आहेत. अशा शेजारात टू-केची गन चालवायची नाही, असं माझं सरळ मत आहे, आणि कारखान्यापासून दूर, अरेरा कॉलनीत घर असलं म्हणून ते बदलत नाही.

यात एक चोरवाट असते, ती ओळखायला हवी. इनॅमल लवकर सुकावं आणि जास्त चमकावं म्हणून काही पेंटर त्यात ‘थोडा हार्डनर’ टाकतात. काम झकास दिसतं, पण तो हार्डनर बहुधा पीयूचाच असतो, म्हणजे साध्या इनॅमलचा गुपचूप टू-के झालेला असतो आणि पेंटरच्या तोंडावर गमछा असतो. घरी पेंटर बोलावला तर डबे आपण आणावेत. मात्र हार्डनर शब्द दिसला की घाबरायचंही कारण नाही. पॉलिएस्टर पुट्टीबरोबर येणारी छोटी ट्यूब पेरॉक्साइडची असते, इपॉक्सी प्रायमरचा हार्डनर अमाइनचा. ते कातडीला त्रास देतात, म्हणून हातमोजे आणि मास्क हवेच. पण ती मंडळी या घराण्यातली नव्हेत. स्प्रे-कॅनमध्येही टू-के मिळतो, बुडाची कळ दाबली की आतली हार्डनरची कुपी फुटते. डबा छोटा असला तरी धुकं तेच. पाण्यावरचे नवे बेस कोट सौम्य असतात खरे, पण त्यांच्यावर शेवटी टू-केचा क्लिअर लागतोच.

हवामानाकडं वळू, कारण लॅकर हवेच्या बाबतीत भारी नाजूक असतं. थिनर झपाट्यानं उडताना पत्रा थंड करतो. जुलै-ऑगस्टमध्ये तलावावरून येणारी हवा आधीच पाण्यानं भरलेली. त्या गार पत्र्यावर दव धरतं, रंगात अडकतं आणि काळी गाडी बघता बघता दुधाळ होते. रिटार्डर घातला की थिनर सावकाश उडतो आणि हे टळतं, पण मुसळधार दिवसात तोही हात टेकतो. पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते; उघड्या पुट्टीवर ओलं घासकाम करून दुसऱ्या दिवशी प्रायमर मारला तर फोड येतात, ते दिवाळीनंतर ऊन लागल्यावर. मे महिन्यात उलटं. पारा ४२-४३ ला, लू सुटलेली. रंगाचा थेंब गनपासून पत्र्यापर्यंतच्या वीतभर वाटेत अर्धा सुकतो आणि अंग खरखरीत, संत्र्याच्या सालीसारखं होतं. जानेवारीच्या सकाळी इनॅमल वाळायचं नाव घेत नाही. म्हणून भोपाळात घरकामाला दोन मोसम बरे: पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि फेब्रुवारीपासून होळीपर्यंत. सकाळी दव उडाल्यावर, वारा उठायच्या आत. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं आणि गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर बसवायचा. लॅकरमधले निम्मे पांढरे डाग हवेतून नव्हे, नळीतून आलेले असतात.

जुना रंग काढतानाचं एक सांगणं राहिलं. त्या काळच्या पिवळ्या, नारिंगी, हिरव्या रंगांत आणि काही प्रायमरांत शिसं असायचं. २०१६ च्या नियमांनी, १ नोव्हेंबर २०१७ पासून, भारतात दहा लाख भागांमागं ९० भाग ही शिशाची मर्यादा आली; पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना, गाड्यांच्या नव्हे. तेव्हा जुना थर कोरडा घासून त्याची धूळ अंगणातल्या तुळशीवर आणि पोरांच्या सायकलींवर पसरवायची नाही. पाणी लावून घासायचं आणि तो गाळ कागदात गोळा करायचा. सांध्यांमध्ये जुन्या कारागिरांनी भरलेलं शिशाचं डाग-काम सापडलं तर ग्राइंडर लावू नये.

मग निवड काय करायची? खालचा सगळा रंग पत्र्यापर्यंत काढणार असाल, गाडी सावलीत राहणार असेल आणि हातात वेळ असेल, तर इपॉक्सी प्रायमर, त्यावर एन.सी. सरफेसर आणि वर लॅकर. घरच्या शेडमध्ये याच्याइतकं समाधान दुसरं नाही. जुनं इनॅमल घट्ट बसलंय आणि गाडी भाजी आणायला रोज निघणार आहे, तर त्यावर इनॅमलच. वर्षानुवर्षं उन्हात उभी राहायची आणि कमीत कमी निगा हवी, तर टू-के, पण घरी नव्हे. ठोकाठोक, गंज, पुट्टी, घासकाम, इपॉक्सी प्रायमर हे सगळं घरी करा. खरी मेहनत तिथंच आहे आणि दुसऱ्याच्या घाईचा फटकाही तिथंच बसतो. मग गाडी बूथ असलेल्या वर्कशॉपकडं न्या. गोविंदपुऱ्याकडं कंपन्यांच्या एजन्सींचे असे वर्कशॉप आहेत. बाहेरचं जुनं धूड घ्यायला ते आधी कुरकुरतात, कारण खाली काय लावलंय याची त्यांना खात्री नसते.

म्हणून कोणत्या थरावर कोणता थर, कोणत्या कंपनीचा, किती दिवस वाळला, हे कागदावर लिहून द्या. बूथवाला ते वाचून पुढचा सरफेसर ठरवतो. छटा बदलायची असेल तर नोंदणीच्या पुस्तकात रंगही लिहिलेला असतो, तेव्हा तो बदल आर.टी.ओ.कडं नोंदवून घ्यायचा. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या व्हिंटेज नियमांखाली तिची वेगळी नोंदणी होते, पण त्यासाठी ती मूळ रूपात असावी लागते. अशा वेळी जुन्या छटेकडं परत जाणं शहाणपणाचं. आणि इपॉक्सीऐवजी दुसऱ्या प्रायमरवर असलेली गाडी कोरड्या दिवशीच न्यायची. रेड ऑक्साईड असो की सरफेसर, दोन्ही पाणी पितात. वाटेत सर आली तर बूथवाल्याला सांगून ती दोन-तीन दिवस आत उभी करून सुकवायला लावायची, मग पुढचा हात.